ब्लूजेवर जावाचे कॉन्स्टंट आणि मेथड शिकताना: काय दिसतं, काय दिसत नाही

ब्लूजे हे जावा ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकणाऱ्यांसाठीच तयार केलेलं साधन आहे. एडिटर, कंपायलर (कोड तपासून चालवण्याजोगा करणारा), डीबगर (चुका शोधायला मदत करणारा) सगळं एकाच छोट्या खिडकीत. १९९९ साली ते ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात मायकेल कोलिंग आणि जॉन रोझनबर्ग यांच्या कामातून बाहेर आलं. आता त्याची देखभाल किंग्ज कॉलेज लंडनमधून होते. ते मोफत आहे आणि त्याचा सोर्सही खुला आहे. हे परीक्षण मात्र पूर्ण ब्लूजेचं नाही. क्लासचे कॉन्स्टंट (नाव दिलेल्या, न बदलणाऱ्या व्हॅल्यू) आणि साध्या मेथड (नाव दिलेले, हवे तेव्हा चालवता येणारे कोडचे तुकडे), म्हणजे नवशिक्याच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांचा ऐवज, शिकायला हे साधन कितपत उपयोगी आहे, एवढ्याच प्रश्नाचं उत्तर इथे शोधलं आहे. उत्तर बहुतांशी होकारार्थी आहे, पण दोन-तीन ठिकाणी ब्लूजे नवशिक्यापासून काही गोष्टी झाकून ठेवतं आणि त्या पुढे महागात पडतात.

एक खुलासा आधीच करायला हवा. खालच्या कोडमध्ये जावाचे राखीव शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. एडिटरमध्ये ते रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायचे, आणि अंकही इंग्रजीच (1, 2, 3) वापरायचे. व्हेरिएबलची आणि मेथडची नावं देवनागरीत ठेवली तरी जावाला चालतात, त्याबद्दल पुढे येईलच.

विंडोज आणि मॅकच्या इन्स्टॉलरमध्ये जेडीके (जावासाठी लागणारा मूळ साधनसंच) सोबतच येतं, त्यामुळे पाथ सेट करा, व्हर्जन तपासा ही पहिल्याच दिवशी दमवणारी कटकट नाही. नवा प्रोजेक्ट उघडला की समोर कोरं पान येतं. त्यावर प्रत्येक क्लास एका चौकोनाच्या रूपात दिसतो. क्लास कंपाइल झालेला नसेल तर चौकोनावर तिरप्या रेघा असतात, कंपाइल झाला की रेघा जातात. खाली ऑब्जेक्ट बेंच नावाची पट्टी असते आणि क्लासच्या आराखड्यावरून तयार केलेले ऑब्जेक्ट लाल ठोकळ्यांच्या रूपात तिथे येऊन बसतात. वर क्लास, खाली ऑब्जेक्ट. स्टॅटिक म्हणजे काय हे समजायला ही मांडणी फार मोलाची आहे.

कारण नवशिक्याचा खरा गोंधळ इथेच होतो. ‘स्टॅटिक’ या शब्दाचा अर्थ ‘न बदलणारं’ असा लावला जातो आणि मग ‘फायनल’ कशाला, हा प्रश्न पडतो. प्रत्यक्षात स्टॅटिक म्हणजे ती गोष्ट क्लासची, कुठल्या एका ऑब्जेक्टची नव्हे. फायनल म्हणजे एकदा व्हॅल्यू दिली की पुन्हा देता येणार नाही. दोन्ही शब्द एकत्र आले की क्लासचा कॉन्स्टंट तयार होतो: सगळ्यांसाठी एकच, आणि तोही कायमचा. ब्लूजेमध्ये वरच्या क्लासवर राइट क्लिक केलं की जो मेनू उघडतो त्यात कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट बनवणारा कोड) आणि स्टॅटिक मेथड दिसतात. खालच्या लाल ऑब्जेक्टवर राइट क्लिक केलं की ऑब्जेक्टच्या मेथड दिसतात. एकच क्लास, दोन वेगळे मेनू. दहा मिनिटं दोन्हीकडे क्लिक करत बसलं तरी फरक डोक्यात पक्का होतो. तोच फरक नुसत्या व्याख्येतून समजायला बराच वेळ लागतो.

आता एक उदाहरण जवळून पाहू. फॅरनहाइटचं सेल्सिअस करणारा क्लास:

पब्लिक क्लास तापमान
{
    प्रायव्हेट स्टॅटिक फायनल डबल गोठणबिंदू = ३२.०;
    प्रायव्हेट स्टॅटिक फायनल डबल गुणोत्तर = ५ / ९;

    पब्लिक स्टॅटिक डबल सेल्सिअस(डबल फॅरनहाइट)
    {
        रिटर्न (फॅरनहाइट - गोठणबिंदू) * गुणोत्तर;
    }
}

हा कोड विनातक्रार कंपाइल होतो. क्लासवर राइट क्लिक करून ‘सेल्सिअस’ निवडलं की ब्लूजे एक छोटा डायलॉग उघडून पॅरामीटरची, म्हणजे मेथडला बाहेरून द्यायची, व्हॅल्यू विचारतं. ३२ टाका. उत्तर ०.० येतं आणि ते बरोबर आहे, म्हणून शिकणारा खूश होतो. आता २१२ टाका, म्हणजे पाण्याचा उत्कलनबिंदू. उत्तर १००.० यायला हवं, येतं पुन्हा ०.०. उणे ४० टाकलं तर अजून विचित्र, उत्तर -०.० येतं. डबल (दशांश संख्यांच्या) प्रकारात शून्यालाही चिन्ह असतं, त्याचा हा परिणाम.

सूत्र दहा वेळा वाचलं तरी चूक सापडत नाही, कारण सूत्र बरोबरच आहे. चूक कॉन्स्टंटमध्ये आहे. ब्लूजेमध्ये ती शोधायला अर्धं मिनिट लागतं: क्लासवर राइट क्लिक, ‘इन्स्पेक्ट’, आणि उघडलेल्या खिडकीत स्टॅटिक फील्डची (क्लासमध्ये जाहीर केलेल्या व्हेरिएबलची) यादी. गोठणबिंदू ३२.०, गुणोत्तर ०.०. ५ आणि ९ दोन्ही इंट (पूर्णांक) आहेत, त्यामुळे भागाकार पूर्णांकाचा होतो आणि त्याचं उत्तर ० येतं. ते डबलमध्ये ठेवलं जातं ते नंतर. डावीकडे डबल लिहिल्याने उजवीकडचा भागाकार दशांशात होत नाही. ‘५.० / ९’ लिहून पुन्हा कंपाइल केलं की इन्स्पेक्टरमध्ये ०.५५५५५५५५५५५५५५५६ दिसतं आणि २१२ ला १००.० मिळतात. कॉन्स्टंट प्रायव्हेट असला तरी इन्स्पेक्टर तो दाखवतो, हे इथे फार कामाचं ठरतं.

याच उदाहरणातून चाचणीच्या व्हॅल्यू कशा निवडायच्या हेही कळतं. ३२ ही व्हॅल्यू चुकीच्या कोडलाही बरोबर उत्तर देते, कारण वजाबाकी शून्य आली की गुणोत्तर काहीही असलं तरी फरक पडत नाही. मेथड तपासताना निदान एक व्हॅल्यू अशी घ्यावी की जिच्यामुळे प्रत्येक कॉन्स्टंटचा उत्तरावर परिणाम होईल.

ब्लूजेचा दुसरा मोठा गुण म्हणजे रिटर्न आणि प्रिंट यांतला फरक ते दोन वेगळ्या खिडक्यांत दाखवतं. मेथड व्हॅल्यू परत करत असेल तर रिझल्टची खिडकी उघडते, तिच्यात कॉल, व्हॅल्यूचा प्रकार आणि व्हॅल्यू दिसते. मेथड ‘सिस्टिम.आउट.प्रिंटलाइन’ वापरून काही छापत असेल तर मजकूर टर्मिनलच्या खिडकीत जातो. व्हॉइड, म्हणजे व्हॅल्यू परत न करणारी, मेथड काहीच छापत नसेल तर कुठलीच खिडकी उघडत नाही. नवशिक्या लिहितो एक मेथड, जी उत्तर छापते, आणि मग त्या उत्तराला दुसऱ्या मेथडमध्ये दोनने गुणायला जातो. कंपायलर म्हणतो, व्हॉइड प्रकार इथे चालणार नाही. साध्या एडिटरमध्ये दोन्हींचं आउटपुट एकाच काळ्या पडद्यावर येत असल्याने नेमकं काय बिघडलं ते समजत नाही. ब्लूजेत ‘उत्तर टर्मिनलमध्ये आलं, रिझल्टमध्ये नाही’ एवढं पाहिलं तरी पुरतं. टर्मिनलच्या ऑप्शन्समध्ये ‘रेकॉर्ड मेथड कॉल्स’ हा पर्याय चालू करून ठेवावा. कुठल्या कॉलमुळे काय छापलं गेलं ते मग तिथेच दिसत राहतं.

पॅरामीटरच्या डायलॉगबद्दल थोडं सावध राहावं लागतं. तिथे जे टाइप करतो ते जावाचं एक्स्प्रेशन असतं, फॉर्ममधला रकाना नव्हे. म्हणून स्ट्रिंग दुहेरी अवतरणात द्यावी लागते. अवतरण विसरलं की ब्लूजे तो शब्द व्हेरिएबल समजतं आणि ‘कॅनॉट फाइंड सिंबल’ अशी एरर देतं. या डायलॉगमधली ही सगळ्यात नेहमीची चूक आहे. पॅरामीटर लाँग (मोठ्या पूर्णांकांच्या) प्रकारचा असेल आणि ३०००००००००० सारखी मोठी संख्या दिली तर ‘इंटिजर नंबर टू लार्ज’ येतं, शेवटी एल हे अक्षर जोडावं लागतं. पण याचीच चांगली बाजू अशी की तिथे कॉन्स्टंटही देता येतो. ‘मॅथ.पाय’ किंवा ‘इंटिजर.मॅक्स_व्हॅल्यू’ असं थेट लिहिता येतं, आणि टोकाच्या व्हॅल्यूवर मेथड कशी वागते ते पाहायला हे उत्तम.

कोड पॅडचीही इथेच ओळख करून घ्यावी. व्ह्यू मेनूतून तो उघडता येतो आणि ऑब्जेक्ट बेंचच्या शेजारी दिसतो. सेमिकोलन न देता एक्स्प्रेशन लिहिलं की व्हॅल्यू आणि तिचा प्रकार लगेच दिसतो. ‘५ / ९’ लिहा, ० आणि इंट. ‘५.० / ९’ लिहा, ०.५५… आणि डबल. ‘इंटिजर.मॅक्स_व्हॅल्यू + १’ लिहा, -२१४७४८३६४८. मेथड लिहिण्याआधी तिच्यातला अवघड तुकडा इथे करून पाहायची सवय लावून घेतली तर निम्म्या चुका तिथेच गळतात. एक मर्यादा आहे: क्लासमधले प्रायव्हेट कॉन्स्टंट कोड पॅडमधून वाचता येत नाहीत, कारण कोड पॅडही बाहेरचाच. त्याचप्रमाणे प्रायव्हेट मेथड राइट क्लिकच्या मेनूत येत नाहीत. ‘माझी मेथड गायब झाली’ ही तक्रार आली तर आधी तिच्यापुढे प्रायव्हेट लिहिलंय का ते बघावं.

एडिटरमधले रंग सजावटीसाठी नाहीत. ब्लूजे प्रत्येक ब्लॉकला त्याच्या आतल्या पातळीनुसार रंगीत चौकट देतं. क्लासची चौकट एका रंगाची, तिच्या आत मेथडची दुसऱ्या रंगाची, लूप आणि इफ यांची आणखी वेगळी. नवशिक्याची एक हमखास चूक म्हणजे कॉन्स्टंट मेथडच्या आत जाहीर करणं. ‘स्टॅटिक फायनल’ मेथडच्या आत लिहिलं की कंपायलर ‘इल्लीगल स्टार्ट ऑफ एक्स्प्रेशन’ म्हणतो. या संदेशातून कुणालाही काहीही कळत नाही. मेथडच्या आतलं व्हेरिएबल त्या कॉलपुरतंच जगतं, ते क्लासचं होऊच शकत नाही, म्हणून तिथे स्टॅटिक चालत नाही. नुसतं फायनल चालतं. ब्लूजेत हीच ओळ मेथडच्या रंगात बसलेली दिसते, आणि ती बाहेर क्लासच्या रंगात हलवायची हे बघूनच कळतं. याच चुकीचा जुळा भाऊ म्हणजे एका मेथडच्या आत दुसरी मेथड लिहिणं, जे बहुतेक वेळा कंस बंद करायचा राहिल्याने होतं. तेही रंगांवरून लगेच पकडता येतं. दुसऱ्या भाषेतून आलेले काही जण ‘कॉन्स्ट’ लिहून बघतात. जावाने तो शब्द राखीव ठेवलाय पण त्याला काहीच काम दिलेलं नाही, त्यामुळे तो वापरताच येत नाही.

नावांबद्दल ब्लूजे काहीही सांगत नाही, म्हणून ते इथे सांगायला हवं. जावातला संकेत असा की कॉन्स्टंटचं नाव पूर्ण मोठ्या अक्षरांत, शब्दांमध्ये अंडरस्कोर; मेथडचं नाव लहान अक्षराने सुरू होणारं आणि शक्यतो क्रियापद; क्लासचं नाव मोठ्या अक्षराने सुरू होणारं. देवनागरीत नावं ठेवायला जावाची हरकत नाही आणि शिकताना मराठी नाव वाचायला सोपंही जातं. पण देवनागरीत मोठी आणि लहान अशी अक्षरं नाहीत, त्यामुळे ‘हा कॉन्स्टंट आहे’ ही नजरेला मिळणारी खूण हरवते. शिवाय प्रत्येक ओळीत दोनदा-तीनदा कीबोर्ड बदलावा लागतो. त्यातून मार्ग म्हणून सरावात नावं रोमन अक्षरांत मराठी शब्दांची ठेवावीत आणि कॉमेंट देवनागरीत लिहाव्यात. जेडीके १८ पासून जावाचं डीफॉल्ट एन्कोडिंग यूटीएफ-८ झालं आहे, त्यामुळे देवनागरी कॉमेंटची प्रश्नचिन्हं होण्याचा जुना त्रास बराच कमी झालाय.

कॉन्स्टंटला नाव देताना त्याचं काम सांगावं, व्हॅल्यू नव्हे. वरच्या उदाहरणात ‘बत्तीस = ३२.०’ असं नाव ठेवलं असतं तर कॉन्स्टंट करून मिळवलं काय? प्रत्येक संख्येला कॉन्स्टंट करायचीही गरज नाही. लूप ० पासून सुरू होतो किंवा सम-विषम तपासायला २ ने भागतो, तिथे त्या संख्या आपापल्या जागी स्पष्ट असतात. एकच संख्या दोन मेथडमध्ये आली, किंवा ती पाहून ‘ही कुठून आली?’ असा प्रश्न पडला, की ती वर क्लासमध्ये न्यावी.

आता ब्लूजेच्या उणिवा. पहिली उणीव नव्या क्लासच्या साच्यात आहे. नवा क्लास बनवला की ब्लूजे त्यात एक इंट फील्ड, एक कन्स्ट्रक्टर आणि ‘सॅम्पलमेथड’ नावाची मेथड भरून देतं, जी पॅरामीटर आणि फील्ड यांची बेरीज परत करते. मेथड कशी दिसते ते यातून कळतं, पण कॉन्स्टंटचा त्यात मागमूस नाही. परिणामी शिकणारा सगळं काही ऑब्जेक्टच्या फील्डमध्ये ठेवायला लागतो. कराचा दर, कमाल गुण, मिनिटातले सेकंद, सगळं कन्स्ट्रक्टरमध्ये भरलं जातं. बेंचवर तीन ऑब्जेक्ट बनवून प्रत्येकाचं इन्स्पेक्ट उघडलं तर तिन्ही खिडक्यांत तीच संख्या तीनदा दिसते. शिकवणाऱ्याने हे मुद्दाम करून दाखवावं. मग तेच फील्ड ‘स्टॅटिक फायनल’ करावं आणि पुन्हा तीन ऑब्जेक्ट बनवावेत. आता ती संख्या ऑब्जेक्टच्या खिडकीतून नाहीशी झालेली असते, आणि ‘शो स्टॅटिक फील्ड्स’ हे बटण दाबल्यावर क्लासच्या खिडकीत एकदाच दिसते. साचा तुटपुंजा असला तरी त्याच्यावरची दुरुस्ती ब्लूजेच्याच खिडक्यांतून इतकी स्वच्छ दाखवता येते.

दुसरी उणीव जास्त गंभीर. ब्लूजेत मेन मेथडशिवाय (एरवी प्रोग्रॅम जिथून सुरू होतो ती मेथड) सगळं चालतं. तीच त्याची ताकद आहे, पण त्यामुळे शिकणाऱ्याची ‘नॉन-स्टॅटिक मेथड कॅनॉट बी रेफरन्स्ड फ्रॉम अ स्टॅटिक कॉन्टेक्स्ट’ या एररशी गाठ फार उशिरा पडते. ब्लूजे सोडून दुसऱ्या एडिटरकडे गेलं आणि पहिल्यांदा मेन लिहिली की त्याच क्लासमधली ऑब्जेक्टची मेथड थेट कॉल केली जाते आणि ही एरर येते. मग घाबरून सगळ्याच मेथडपुढे स्टॅटिक लावलं जातं, त्यामागोमाग सगळ्या फील्डपुढेही, आणि क्लासचं ऑब्जेक्ट बनवायचं कारणच उरत नाही. मेन स्टॅटिक आहे, ती चालते तेव्हा एकही ऑब्जेक्ट तयार झालेलं नसतं, मग कुठल्या ऑब्जेक्टची मेथड कॉल करायची हे जावाला कसं कळणार? उपाय म्हणजे मेनच्या आत ‘न्यू’ वापरून ऑब्जेक्ट बनवून त्याच्यावर मेथड कॉल करणं. बेंचवर राइट क्लिक करून जे हाताने केलं, तेच आता कोडमध्ये लिहायचं. म्हणून दुसऱ्या आठवड्यातच प्रत्येक प्रोजेक्टमध्ये मेन असलेला एक छोटा क्लास जोडावा. ब्लूजेत मेनही राइट क्लिकने चालवता येते. डायलॉगमध्ये रिकाम्या महिरपी कंसांची जोडी आधीच असते, ओके दाबलं की झालं.

तिसरी अडचण छोटी पण वारंवार छळणारी. क्लास बदलून पुन्हा कंपाइल केला की बेंचवरचे ऑब्जेक्ट निघून जातात. ते बरोबरच आहे, जुन्या कोडचे ऑब्जेक्ट नव्या कोडबरोबर नांदू शकत नाहीत, पण पहिल्यांदा हे होतं तेव्हा काहीतरी मोडलं असं वाटतं. उलट कंपाइल न करता नुसते कॉल करत राहिलं तर जावाचा कोड चालवणारं आतलं व्हर्च्युअल मशीन चालूच राहतं. फायनल नसलेलं स्टॅटिक व्हेरिएबल, उदाहरणार्थ एखादा काउंटर, आधीच्या कॉलमधली व्हॅल्यू धरून बसतं. ‘माझा काउंटर शून्यापासून का सुरू होत नाही?’ असं वाटलं तर व्हर्च्युअल मशीन रीसेट करावं, मेनूत ती सोय आहे.

फायनलबद्दलचा एक भ्रम ब्लूजेमध्ये लवकर फोडता येतो आणि तो फोडायलाच हवा. महिन्यांच्या दिवसांचा कॉन्स्टंट ॲरे (क्रमाने ठेवलेल्या व्हॅल्यूंची यादी) घ्या, ‘पब्लिक स्टॅटिक फायनल’ असं लिहून. कोड पॅडमध्ये त्या नावाला नवा ॲरे द्यायला गेलं तर कंपायलर अडवतो, फायनल व्हेरिएबलला व्हॅल्यू देता येत नाही म्हणून. पण त्याच ॲरेच्या १ क्रमांकाच्या जागी (मोजणी ० पासून, म्हणजे फेब्रुवारी) २८ ऐवजी २९ टाकलं तर कुणीही अडवत नाही. इन्स्पेक्टर उघडा, २९ दिसेल, आणि आता प्रत्येक वर्ष लीप वर्ष झालं. फायनलने नाव कुठल्या ॲरेकडे बोट दाखवतंय ते कायम केलं, ॲरेच्या आतला माल नव्हे. इंट, डबल आणि स्ट्रिंग यांच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही. यादीच कॉन्स्टंट हवी असेल तर ॲरे प्रायव्हेट ठेवून मेथडमधून एकेक व्हॅल्यू द्यावी, किंवा जावा ९ पासून आलेलं ‘लिस्ट.ऑफ’ वापरावं. त्या यादीत बदल करायला गेलं तर चालताना एक्सेप्शन येतं.

डीबगरचा उल्लेख टाळता येणार नाही. एडिटरच्या डाव्या कडेला क्लिक करून ब्रेकपॉइंट (कोडने थांबायची खूण) लावला आणि मेथड कॉल केली की डीबगरची खिडकी उघडते, आणि तिच्यात स्टॅटिक, ऑब्जेक्टची आणि मेथडच्या आतली अशी व्हेरिएबल तीन वेगळ्या कप्प्यांत दिसतात. पॅरामीटरची व्हॅल्यू मेथडच्या आत बदलली तरी बाहेरचं मूळ व्हेरिएबल का बदलत नाही, हे ‘स्टेप इन्टू’ करून पाहिल्यावर उलगडतं: आत गेली ती व्हॅल्यूची प्रत, मूळ व्हेरिएबल नव्हे.

ब्लूजेऐवजी जेशेल (जावाचा एकेक तुकडा लिहून लगेच चालवायचं साधन) वापरावं का, असं अनेकदा विचारलं जातं. जेशेल २०१७ च्या सप्टेंबरमध्ये जावा ९ सोबत आलं आणि जेडीकेमध्येच असतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. एकेक मेथड पटकन लिहून करून पाहायला ते ब्लूजेपेक्षा चपळ आहे. अजून न लिहिलेल्या मेथडला कॉल करणारी मेथडही ते लिहू देतं, फक्त ती चालवायला आधी राहिलेली मेथड लिहा म्हणून सांगतं. पण कॉन्स्टंट शिकायला जेशेल चुकीचं आहे. तिथे क्लासच्या बाहेर, मोकळ्यावर जाहीर केलेल्या व्हेरिएबलपुढचं फायनल दुर्लक्षिलं जातं. म्हणजे ‘फायनल इंट’ लिहून १०० द्या, पुढच्या ओळीत २०० द्या, ते घेतं. ज्याला फायनलचा अर्थच शिकायचाय त्याच्या मनात इथे उलटाच अर्थ रुजतो. क्लास लिहून त्याच्या आत कॉन्स्टंट ठेवला तर जेशेलही नियम पाळतं, पण मग त्याचा चपळपणा उरत नाही.

एक गोष्ट मात्र ब्लूजे किंवा जेशेल दोन्हींत नीट दिसत नाही, त्यासाठी कमांड लाइनवर जावं लागतं. दोन फाइली करा. पहिलीत फक्त एक पब्लिक कॉन्स्टंट, कमाल गुण १००. दुसरीत मेन, जी तो कॉन्स्टंट छापते. दोन्ही जावासीने (जेडीकेतल्या कंपायलरने) कंपाइल करून चालवा, १०० येईल. आता पहिल्या फाइलमध्ये १५० करा आणि फक्त पहिलीच फाइल कंपाइल करा. दुसरी चालवली तर अजूनही १०० छापलं जातं. कारण कंपाइलच्या वेळीच व्हॅल्यू माहीत असलेला कॉन्स्टंट वापरणाऱ्या क्लासच्या फाइलमध्ये ती व्हॅल्यू थेट उतरवली जाते, पहिल्या क्लासला विचारलंच जात नाही. दुसरी फाइल पुन्हा कंपाइल केली की १५० येतं. ‘जावापी’ हे जेडीकेतलं साधन उणे सी या पर्यायासह दुसऱ्या क्लासवर चालवलं तर बाइटकोडमध्ये ती संख्या थेट लिहिलेली दिसते. ब्लूजेमध्ये पूर्ण प्रोजेक्ट एका बटणाने कंपाइल होत असल्याने हा प्रकार सहसा अनुभवाला येत नाही. पुढे दुसऱ्या कुणाच्या लायब्ररीतले कॉन्स्टंट वापरायची वेळ आली की हे ज्ञान लागतं. जी व्हॅल्यू पुढच्या आवृत्तीत बदलू शकते ती पब्लिक कॉन्स्टंट न ठेवता स्टॅटिक मेथडमधून परत करावी, हा नियम याच कारणाने आलेला आहे.

मेथड ओव्हरलोडिंग (एकाच नावाच्या, पण वेगळ्या पॅरामीटरच्या मेथड) शिकायला राइट क्लिकचा मेनू पुन्हा मदतीला येतो. ‘क्षेत्रफळ’ नावाच्या दोन मेथड, एक त्रिज्या घेणारी आणि एक लांबी-रुंदी घेणारी, मेनूत आपापल्या पॅरामीटरसह दोन ओळींत दिसतात. फक्त परत येणाऱ्या व्हॅल्यूचा प्रकार बदलून तीच मेथड पुन्हा लिहिली तर ती आधीच जाहीर झाली आहे अशी एरर येते, कारण कॉल करताना तो प्रकार आपण कुठे लिहितच नाही. मेथडच्या वर जावाडॉकची (मेथडचं काम समजावणारी) कॉमेंट लिहिली तर ती कॉलच्या डायलॉगमध्ये वर छापलेली येते. कॉमेंट कुणीतरी वाचतं, हे नवशिक्याला इथे पहिल्यांदा जाणवतं.

शिकण्याचा क्रम ठरवायचा तर पहिले दोन दिवस फक्त स्टॅटिक मेथड आणि कोड पॅड. मग त्या मेथडमधल्या संख्या कॉन्स्टंटमध्ये काढायच्या आणि क्लासचं इन्स्पेक्ट बघायचं. त्यानंतर ऑब्जेक्ट, बेंच आणि ‘शो स्टॅटिक फील्ड्स’. दुसऱ्या आठवड्यात मेन आणि तिची ती लांबलचक एरर, मुद्दाम ओढवून घेतलेली. तिसऱ्या आठवड्यात ‘क्रिएट टेस्ट क्लास’ वापरून आपल्या मेथडच्या चाचण्या रेकॉर्ड करायच्या. डबल परत करणाऱ्या मेथडची चाचणी करताना ब्लूजे किती फरक चालेल तेही विचारतं, तिथे ०.००१ सारखी छोटी संख्या द्यावी. मोठा प्रोजेक्ट, अनेक पॅकेजेस, बाहेरच्या लायब्ररी यांची वेळ आली की ब्लूजे अपुरं पडतं, तिथून पुढे इंटेलिजे किंवा एक्लिप्ससारख्या मोठ्या साधनाकडे जावं. त्याआधी एकदा कमांड लाइनवर तो दोन फाइलींचा प्रयोग करून बघायला विसरू नये.